तापीकाठचे रूळ आणि गिरण्या: खानदेशच्या रेल्वे व औद्योगिक वारशाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुसावळ, जळगाव, अमळनेर, धुळे, चाळीसगाव या गावांतल्या जुन्या रेल्वे वस्त्या, जिन (कपाशीतून सरकी वेगळी काढणारे कारखाने) आणि गिरण्यांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. काही शाळेच्या प्रकल्पासाठी विचारलेले आहेत, काही निवृत्त रेल्वेवाल्यांच्या मुलानातवंडांचे आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. जिथे विषय एकमेकांत शिरतो तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. खानदेशात औद्योगिक वारसा म्हणून बघण्यासारखं नेमकं आहे तरी काय?

इथला बराचसा वारसा अजून कामात आहे, म्हणूनच तो नजरेत भरत नाही. तापीवरचा रेल्वे पूल, भुसावळचं यार्ड, रेल्वेचे बंगले आणि चाळी, कापसाच्या जिन, बंद पडलेल्या कापड गिरण्या आणि त्यांची आवारं, पाचोरा–जामनेरची छोटी लाईन, अमळनेरचा तेल-साबणाचा कारखाना हे सगळं त्यात येतं. या गोष्टी एकेकट्या बघितल्या तर फार काही हाती लागत नाही. नदी, कापूस आणि रूळ एकत्र लक्षात घेतले की कुठलं गाव का वाढलं आणि कुठलं मागे का राहिलं हे उलगडायला लागतं. पुढची उत्तरं त्याच अंगाने लिहिली आहेत.

२. खानदेशात रेल्वे कधी आली?

मुंबई–ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली. ती चालवणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी असलेल्या 'जीआयपी'ने, पुढच्या दहा-बारा वर्षांत थळ घाट ओलांडला आणि १८६० च्या दशकात चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करत भुसावळ गाठलं. १८६६ मध्ये भुसावळहून खांडव्यापर्यंत गाड्या सुरू झाल्या, १८६७ मध्ये नागपूरपर्यंत. खांडव्याकडचा रस्ता पुढे जबलपूरला जाऊन मिळाला आणि १८७० मध्ये मुंबई–कलकत्ता असा सलग लोहमार्ग तयार झाला. कलकत्त्याची डाक तेव्हापासून खानदेशातून जायला लागली.

दुसरी लाट १९०० च्या सुमारास आली. सुरतेकडून तापी खोऱ्याचा मार्ग (प्रश्न ९) आणि चाळीसगाव–धुळे फाटा (प्रश्न १०) त्याच काळातले. १९१८-१९ मध्ये पाचोरा–जामनेर छोटी लाईन झाली (प्रश्न ११). १९२५ मध्ये जीआयपी सरकारच्या ताब्यात गेली आणि नोव्हेंबर १९५१ मध्ये मध्य रेल्वे अस्तित्वात आली.

३. एवढं मोठं जंक्शन भुसावळलाच का? जळगाव तर जिल्ह्याचं ठिकाण आहे.

रेल्वे आली तेव्हा भुसावळ लहानसं खेडं होतं, आणि जळगावही जिल्ह्याचं ठिकाण नव्हतं. तेव्हा सगळा खानदेश एकच जिल्हा होता आणि त्याचं मुख्य ठाणं धुळे. १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग पडले तेव्हा जळगावचं महत्त्व वाढलं. रेल्वेच्या इंजिनिअरांनी मुळात जिल्ह्याचं ठिकाण बघितलंच नव्हतं. त्यांनी नकाशा आणि पाणी बघितलं.

मुंबईहून येणारा मार्ग भुसावळजवळ दुभंगतो. एक फाटा तापी ओलांडून दुसखेडा, सावदा, रावेर करत बऱ्हाणपूर-खांडव्याकडे जातो. दुसरा नदी न ओलांडता पूर्वेला वऱ्हाडात आणि पुढे नागपूरला. वाफेच्या इंजिनाला ठरावीक अंतरावर पाणी, कोळसा, साफसफाई आणि ताजा दम असलेले ड्रायव्हर-फायरमन लागायचे. मुंबईपासून सुमारे ४४५ किलोमीटरवर, दोन मार्ग फुटण्याच्या जागी, बारमाही नदीच्या काठी ही सोय करणं सोयीचं होतं. म्हणून इथे लोको शेड आलं, दुरुस्तीचे कारखाने आले, मालगाड्या फोडून नव्याने जोडायचं यार्ड आलं. माणसं मागोमाग आली: कोकणातली, वऱ्हाडातली, उत्तर हिंदुस्तानातली, गोव्याची, अँग्लो-इंडियन कुटुंबं. भुसावळ आजही बोलण्या-वागण्यात आजूबाजूच्या तालुक्यांपेक्षा वेगळं वाटतं ते यामुळे.

१९६८-६९ च्या सुमारास या भागात विजेची इंजिनं आली तेव्हा पाण्याचं कारण संपलं. जंक्शन मात्र टिकलं, कारण तोवर इथे शंभर वर्षांचं कसब साठलं होतं. विजेच्या इंजिनांचं शेड आणि 'पीओएच'चा, म्हणजे इंजिनांच्या ठरावीक काळाने होणाऱ्या संपूर्ण दुरुस्तीचा कारखाना इथे उभा राहिला, रेल्वे कर्मचाऱ्यांची प्रशिक्षण संस्थाही इथेच आहे.

४. भुसावळच्या रेल्वे वस्तीत फिरताना काय बघावं?

आधी वस्तीची मांडणी बघा. अधिकाऱ्यांचे बंगले मोकळ्या आवारात, झाडीत, एकमेकांपासून लांब. पंधरा बंगला, लिम्पस क्लब ही नावं तिथली. कामगारांच्या चाळी यार्डाला खेटून, रांगेत. साहेब, ड्रायव्हर-गार्ड आणि खलाशी (रेल्वेतले मदतनीस कामगार) यांच्यातलं अंतर घरांच्या अंतरावरून मोजता येतं. आगवाली चाळ, हद्दीवाली चाळ ही नावं भुसावळकरांच्या अजून तोंडात आहेत, पण त्यातली पुष्कळ घरं गेल्या काही वर्षांत पाडली गेली. जे उरलंय ते लवकर बघून घ्या.

मग खांब बघा. रेल्वेच्या गावात जुना रूळ कधी वाया जात नसे. कुंपण, ओसरीचा खांब, पत्र्याखालची तुळई, दिव्याचा खांब, सगळीकडे तो सापडतो. रुळाच्या उभ्या पट्टीवर, म्हणजे डोकं आणि पाया यांच्या मधल्या भागावर, रूळ लाटताना उठवलेली अक्षरं असतात. रंगाचे थर चढलेले असले तरी तिरप्या उन्हात ती दिसतात, नाहीतर बोटाने चाचपा. कारखान्याचं नाव, रुळाचं वजन आणि वर्ष त्यात असतं. ओसरीच्या खांबावर एकोणिसाव्या शतकातलं वर्ष सापडलं, तर तो रूळ आधी मार्गावर झिजून मग इथे खांब झाला असं समजायला हरकत नाही. म्हणजे रुळाचं वर्ष हे घराचं वर्ष नव्हे. हा घोटाळा फार जण करतात.

५. कापसाचा आणि रेल्वेचा एवढा संबंध का जोडतात?

कारण खानदेशाचा कापूस विलायतेला जायचा आणि रेल्वेआधी तो बैलगाडीने घाट उतरायचा. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात बैलांना पाणी-वैरण नाही, वाटेत कापूस भिजायचा, त्यात धूळ-माती मिसळायची आणि मुंबईत भाव पडायचा. १८६१ ते १८६५ मध्ये अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, तेव्हा हिंदुस्तानी कापसाला सोन्याचा भाव आला. नेमक्या त्याच वर्षांत रूळ खानदेशात शिरत होते. जळगाव कापसाची मोठी पेठ झालं ते या दिवसांत. युद्ध संपल्यावर भाव कोसळले, अनेकांचं दिवाळं निघालं, पण स्टेशनाभोवतीची पेठ मागे राहिली.

कापूस जागा फार अडवतो. शेतातून आलेला कपाशीचा ढीग तसाच वॅगनमध्ये भरला तर वॅगन भरते, वजन भरत नाही. म्हणून सरकी वेगळी काढून रुई दाबून गाठी बांधाव्या लागतात, आणि ते काम स्टेशनाजवळ करणं परवडतं. खानदेशातल्या कुठल्याही जुन्या स्टेशनातून बाहेर पडा, थोड्या अंतरावर एखादं जिनिंग-प्रेसिंगचं आवार, निदान त्याच्या नावाचा रस्ता तरी सापडतोच.

६. जिन, प्रेस आणि मिल यांत फरक काय? आमच्या गावात तिन्ही शब्द एकाच जागेला वापरतात.

बऱ्याचदा एकाच मालकाच्या आवारात जिन आणि प्रेस दोन्ही असत, म्हणून गल्लत होते. जिनमध्ये कपाशीतून सरकी वेगळी होते. प्रेसमध्ये सुट्या रुईची गाठ बांधली जाते. आज प्रमाण गाठ १७० किलोची धरतात. मिलमध्ये रुईचं सूत आणि सुताचं कापड होतं. जिन हंगामी, दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत. मिल बारा महिने, पाळ्यांमध्ये.

जिन चालू असताना एकदा तरी जवळून बघा. रोलर-जिनमध्ये चामड्याच्या चकत्या दाबून बसवलेला एक रूळ (रोलर) फिरत असतो आणि त्याच्या अंगावर नागमोडी खाचा असतात. त्याला चिकटून एक सुरी पक्की बसवलेली असते. दुसरी सुरी खालीवर होत राहते. कपाशीचे तंतू खरखरीत चामड्याला धरून आत ओढले जातात, सरकी मात्र पक्क्या सुरीशी अडते आणि हलती सुरी तिला टोला देऊन खाली पाडते. तंतू तुटत नाही, हा या यंत्राचा मोठा गुण. शंभर किलो कपाशीतून साधारण एक तृतीयांश रुई निघते, बाकी सरकी. तिचं तेल आणि ढेप होते, म्हणजे काही वाया जात नाही. आत हवेत रुईची कुसर इतकी तरंगत असते की काम करणाऱ्या बायका तोंडाला पदर बांधूनच असतात. त्या हवेने छाती धरते, खोकला जडतो. जिनच्या इतिहासात हेही लिहिलं गेलं पाहिजे.

७. खानदेशात कापड गिरण्या कुठे कुठे होत्या?

जळगावची खानदेश मिल सगळ्यांत जुनी, १८७० च्या दशकातली. तिचा कारभार मूळजी जेठा यांच्या पेढीकडे होता. जळगावच्या मू. जे. महाविद्यालयाच्या नावातले मूळजी जेठा तेच. स्टेशनजवळच्या या मिलच्या जागेवर आता व्यापारी संकुल आहे.

अमळनेरला बोरी नदीच्या गावात प्रताप शेठांनी १९०६ मध्ये प्रताप मिल उभी केली. स्वदेशीचे दिवस होते. प्रताप शेठांचं नाव मिलपुरतं राहिलं नाही. १९१६ मध्ये त्यांनी अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर काढलं. तालुक्याच्या गावात, कापडाच्या पैशातून, वेदान्ताच्या अभ्यासासाठी संस्था! देशभरातले अभ्यासक तिथे येऊन राहिले. अमळनेर बघायला जाल तेव्हा मिलचं आवार आणि तत्त्वज्ञान मंदिर एकाच फेरीत बघा. दोन्ही मिळून त्या माणसाचं चित्र पुरं होतं.

धुळ्यात न्यू प्रताप मिल होती, चाळीसगावला लक्ष्मीनारायण मिल. मिल ओळखण्याच्या खुणा सारख्याच: उंच धुराडं, करवतीच्या दात्यांसारखं छप्पर, फाटकावर भोंगा. दात्यांची काचेची बाजू उत्तरेला ठेवत, म्हणजे दिवसभर उजेड येतो पण ऊन सूतावर पडत नाही. खानदेशच्या कोरड्या उन्हाळ्यात सूत तटातट तुटतं, म्हणून विणकाम खात्यात पाण्याचा फवारा मारून हवा ओलसर ठेवावी लागे. बॉयलर, खळ, फवारा, सगळ्यालाच पाणी. गिरण्यांना नदीकाठची गावं भावली त्यामागे हेही कारण आहे.

या गिरण्या बंद पडल्या त्यामागे एकच कारण नाही. यंत्रं जुनी झाली, यंत्रमागाचं कापड स्वस्त पडायला लागलं, टेरिकॉट आलं, कर्जं थकली.

८. विप्रो खरंच अमळनेरची का?

हो. २९ डिसेंबर १९४५ ला मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी स्थापन केली आणि कारखाना अमळनेरला काढला. सनफ्लॉवर वनस्पती तूप आणि ७८७ नावाचा कपडे धुण्याचा साबण ही सुरुवातीची उत्पादनं. आसपास शेंगदाणा आणि सरकी भरपूर, दारात सुरत–जळगाव रेल्वे, मग आणखी काय हवं? १९६६ मध्ये वडील वारल्यावर अझीम प्रेमजी एकविसाव्या वर्षी अमेरिकेतलं शिक्षण अर्धं सोडून परत आले आणि कारभार बघू लागले. संगणकाचा धंदा पुष्कळ नंतरचा.

सुरुवातीच्या काळात अमळनेरच्या अनेक सामान्य घरांनी या कंपनीचे शेअर घेतले आणि ज्यांनी ते विकले नाहीत त्यांच्या पुढच्या पिढ्या श्रीमंत झाल्या. ही गोष्ट खरी आहे. पण एक लक्षात ठेवा: प्रत्येक अमळनेरकराकडे शेअर नव्हते आणि त्याच गावात मिल बंद पडल्यावर हातावर पोट असलेली घरंही होती. बातम्यांत पहिली गोष्टच येते.

९. जळगाव मध्य रेल्वेत आणि जवळचं धरणगाव-अमळनेर पश्चिम रेल्वेत, हे कसं?

मार्ग दोन वेगवेगळ्या दिशांनी आले म्हणून. मुंबई–भुसावळ मार्ग जीआयपीचा. सुरतेहून नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणा करत अमळनेरला येणारा मार्ग तापी व्हॅली रेल्वे या वेगळ्या कंपनीचा. तिचे व्यवस्थापक किलिक निक्सन आणि गाड्या चालवायची बॉम्बे बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे. अमळनेर–जळगाव जोड मात्र जीआयपीने बांधला. १९०० च्या सुमारास हे सगळं पूर्ण होऊन सुरत आणि जळगाव जोडले गेले. स्वातंत्र्यानंतर बडोद्याच्या कंपनीचे मार्ग पश्चिम रेल्वेत गेले आणि पाळधी, धरणगाव, अमळनेर त्या बाजूला राहिले. गंमत अशी की नाव तापीचं असूनही हा मार्ग महाराष्ट्रात तापी ओलांडत नाही. तो दक्षिण काठाने जातो आणि गिरणा, बोरी, पांझरा या तापीला मिळणाऱ्या नद्या एकेक करून ओलांडतो.

१०. धुळे एवढं जुनं जिल्ह्याचं ठिकाण, मग मुख्य मार्गावर का नाही?

मुख्य मार्ग मनमाडहून पूर्वेला गिरणेच्या खोऱ्याकडे वळला आणि पांझरेकाठचं धुळे उत्तरेला राहिलं. १८१८ नंतर कॅप्टन ब्रिग्जने वसवलेली सरळ गल्ल्यांची पेठ, कापसाचा व्यापार, सरकारी कचेऱ्या, सगळं असूनही धुळ्याला गाडीसाठी १९०० पर्यंत थांबावं लागलं. तेव्हा चाळीसगावहून सुमारे ५६ किलोमीटरचा फाटा आला. तो धुळ्यातच संपतो. पुढे नाही. त्याची किंमत धुळ्याने शतकभर मोजली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

२०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या मनमाड–इंदूर मार्गाला मंजुरी दिली आहे. तो धुळ्यातून जाणार आहे.

धुळ्याकडे येणाऱ्यांनी साक्री तालुक्यातलं दातर्ती लक्षात ठेवावं. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झालेल्या तरुण विश्वेश्वरय्यांनी पाणी पलीकडे नेण्यासाठी नळांचा सायफन बांधला तो याच परिसरात, पांझरेच्या पाण्यावर.

११. पीजे आता चालते का?

नाही. पीजे म्हणजे पाचोरा–जामनेर, ही अडीच फुटी छोटी लाईन, वरखेडी, शेंदुर्णी, पहूर करत जाणारी, साधारण ५६ किलोमीटरची. १९१८-१९ मध्ये सुरू झाली. विदर्भातली 'शकुंतला' ही छोटी गाडी जिच्या ताब्यात होती त्याच सेंट्रल प्रॉव्हिन्सेस कंपनीची ही लाईन. २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत बंद झाली आणि परत धावली नाही. तिचं रुंदीकरण करून बोदवडपर्यंत नेण्याचा प्रकल्प मंजूर आहे.

रुंदीकरण हवंच. जामनेरच्या माणसाला मोठ्या गाडीत बसायचा हक्क आहे, आणि जुनं जपायचं म्हणून तालुका अडवून ठेवणं बरोबर नाही. पण एखादा डबा, थोडे रूळ आणि एक स्टेशन इमारत जागेवर ठेवायला जमीन फारशी लागत नाही. तेवढी मागणी लोकांनी आत्ताच लावून धरावी. भराव पडल्यावर बोलून उपयोग नसतो.

१२. केळीच्या वॅगनचा उल्लेख बरेच जण करतात. तो वारसा कसा?

रावेर, सावदा, निंभोरा या स्टेशनांवरून कित्येक दशकं हिरवी केळी उत्तरेला, मुख्यतः दिल्लीकडे जात आली आहेत. केळी उशिरा पोचली की वाटेतच पिकते, म्हणून बागेतली कापणी गाडीच्या वेळेवर ठरायची. वॅगन कधी लागणार याची बातमी गावोगाव आधी पोचलेली असायची. माल भरायची ती रात्रभराची घाई, पाल्याचे थर आणि हमालांच्या टोळ्या यांची नोंद फार कमी झाली आहे. इमारत नाही म्हणून वारसा नाही, असं समजू नये.

१३. रेल्वे आणि गिरणी कामगारांच्या चळवळीबद्दल थोडक्यात सांगाल का?

थोडक्यात सांगण्यासारखा हा विषय नाही, तरी मुख्य धागे देतो.

साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. पुढे अमळनेर-धुळ्याच्या गिरणी कामगारांत त्यांनी काम केलं. मुलांचे गुरुजी तेवढे आपल्याला माहीत असतात, गिरणीच्या फाटकावरचे गुरुजी विसरले जातात.

१२-१३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जीआयपी रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद झाली. मनमाड खानदेशच्या शिवेबाहेर, पण भुसावळच्या मार्गावरचंच ठाणं. अध्यक्षस्थानी डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असं त्यांनी तिथे सांगितलं. रेल्वेत अस्पृश्य माणूस गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारा मजूर म्हणूनच राबतो, त्याला वरची जागा मिळत नाही आणि कापड गिरणीत विणकाम खातं त्याला बंद असतं, हेही त्यांनी मांडलं. यामागची गोष्ट तपशिलात समजून घ्या. धोट्यात, म्हणजे मागावर आडवं सूत नेणाऱ्या साधनात, नवी कांडी भरली की सुताचं टोक तोंडाने ओढून भोकातून बाहेर काढावं लागे. त्या सुताला अस्पृश्याचं तोंड लागेल म्हणून जास्त पगाराचं खातंच बंद. मिलच्या आठवणी सांगताना 'आम्ही सगळे एका कुटुंबासारखे होतो' असं म्हणणाऱ्यांनी हे आठवावं.

८ मे १९७४ ला सुरू झालेला देशव्यापी रेल्वे संप २७ मे रोजी मागे घेतला गेला. रेल्वेच्या पगारावर चालणाऱ्या भुसावळसारख्या गावात त्या वीस दिवसांच्या आठवणी घराघरात आहेत. त्या कशा टिपाव्यात यासाठी प्रश्न १९ पाहा.

१४. आयुध निर्माणी आणि दीपनगरचं वीज केंद्र यांना वारसा म्हणायचं का?

माझ्या मते म्हणावं. भुसावळची आयुध निर्माणी १९४९ ची, वरणगावची १९६४ ची. दीपनगरला पाणी तापीचं आणि कोळसा रेल्वेने येतो. म्हणजे जुन्याच दोन कारणांवर (प्रश्न ३) उभा राहिलेला हा नवा थर. पण या जागा बाहेरूनच समजून घ्यायच्या आहेत. फोटोंबद्दल पुढचा प्रश्न वाचा.

१५. फोटो काढायला परवानगी लागते का?

आयुध निर्माणीचे फोटो काढू नका, फाटकाचेही नाही. या जागा शासकीय गुपिते कायद्याखाली निषिद्ध ठरतात. ड्रोन तर भुसावळ परिसरात चौकशी केल्याशिवाय उडवूच नका.

स्टेशनवर तिकीट किंवा फलाट तिकीट काढून घरगुती फोटो घेण्यात सहसा अडचण येत नाही. चित्रीकरण, ट्रायपॉड, व्यावसायिक काम असेल तर विभागीय रेल्वे कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. यार्ड, शेड, पूल इथे परवानगीशिवाय पाऊलही टाकू नका. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि कायद्याचं सोडा, विजेच्या तारांत २५ हजार व्होल्ट असतात. पुलावर चालत जाऊन सेल्फी काढणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे.

१६. एकाच दिवसात काय काय होईल?

भुसावळ आणि अमळनेर एका दिवसात होतात, धुळे वेगळं ठेवा. सकाळी भुसावळची वस्ती पायी, मग गाडीने जळगाव, तिथून सुरत मार्गाने अमळनेर. पाळधीच्या अलीकडे गिरणा लागते तेव्हा खिडकीत बसा. अमळनेरला बोरीच्या पात्रातली संत सखाराम महाराजांची समाधी, मिल परिसर, तत्त्वज्ञान मंदिर.

चाळीसगावला गाडी बदलायची असेल आणि हाताशी तास-दोन तास असतील तर स्टेशनजवळचं केकी मूस यांचं घर-संग्रहालय चुकवू नका. हा मोठा छायाचित्रकार वर्षानुवर्षं त्या घरातून क्वचितच बाहेर पडला. पंजाब मेलने कोणीतरी येणार म्हणून ते रोज रात्री वाट बघत, असं चाळीसगावकर सांगतात.

१७. माझे आजोबा जीआयपीत फायरमन होते. त्यांची नोंद कुठे मिळेल?

आधी घर शोधा. पेन्शनचा आदेश, सेवा-दाखला, पास, दवाखान्याचं कार्ड, सोसायटीचं पासबुक यांपैकी काहीतरी ट्रंकेत असतंच. त्यावरचा कर्मचारी क्रमांक आणि निवृत्तीचं वर्ष मिळालं की विभागीय व्यवस्थापक कार्यालयाच्या कार्मिक शाखेत अर्ज करता येतो. कुटुंब-निवृत्तिवेतन चालू असेल तर माग लवकर लागतो. माहिती अधिकाराचा अर्जही करता येतो, पण 'सगळी माहिती द्या' असं लिहू नका. नाव, हुद्दा, शेड, वर्ष लिहून एकच कागद मागा. गावाची पार्श्वभूमी हवी असेल तर १८८० चं खानदेश गॅझेटियर आजही उपयोगी पडतं.

१८. घरात जुना रेल्वेचा कंदील आहे, शेतात रुळाचे तुकडे आहेत. ठेवले तर चालतील? आणि गावातली बंद मिल पाडणार आहेत, थांबवता येईल?

कंदील लिलावात घेतलेला किंवा निवृत्तीच्या वेळी रीतसर मिळालेला असेल तर पावती किंवा पत्र सोबत जपा. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि वस्तू जुनी आहे ही सबब तिथे चालत नाही. भंगारवाल्याकडून रुळाचा तुकडा 'आठवण' म्हणून घेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

मिलबद्दल: इमारत शंभर वर्षांची झाली म्हणून आपोआप संरक्षित होत नाही. राज्य किंवा केंद्राने अधिसूचना काढावी लागते, नाहीतर नगरपालिका-महानगरपालिकेने विकास नियंत्रण नियमांखाली वारसा यादीत तिचं नाव घालावं लागतं. शिवाय बंद मिलच्या जागेवर बँकांचे आणि कामगारांच्या थकीत देण्यांचे हक्क असू शकतात. आवाराच्या विक्रीतून कामगारांचे पैसे निघणार असतील तर विक्री अडवण्याआधी त्यांना विचारा. सगळं वाचवायचा हट्ट धरला तर काहीच वाचत नाही. धुराडं, फाटक, घड्याळ किंवा एक खातं राखून ठेवायची मागणी पटकन मान्य होते.

१९. वडील मिलमध्ये साच्यावर (मागावर) होते, आता थकलेत. त्यांच्या आठवणी कशा नोंदवू?

फोनचं रेकॉर्डर पुरतं, पंखा बंद करा. 'तुमचे अनुभव सांगा' असं विचारलं की माणूस भाषण करतो. त्यापेक्षा हाताचं काम विचारा. सकाळी फाटकात शिरल्यावर पहिल्यांदा काय करायचात? तुटलेला धागा कसा जोडायचात, करून दाखवा. बदलीवाल्यांना काम कोण वाटायचं? जॉबर (मुकादम) कसा होता? किती साचे सांभाळायचात? डबा कुठे खायचात आणि कोण कोणाजवळ बसायचं? पगार झाल्यावर आधी कोणाचे पैसे चुकवायचात? मिल बंद झाली त्या दिवशी कुठल्या पाळीत होतात? रेल्वेवाल्यांना कॉलमनबद्दल विचारा, जो रात्री-अपरात्री घरी येऊन ड्यूटीसाठी उठवायचा. ड्यूटीवर सोबत न्यायच्या लाईन बॉक्समध्ये (पेटीत) काय काय असायचं हे विचारा.

आईलाही वेगळं बसवून विचारा. पाळी बदलली की घरातला स्वयंपाक कसा बदलायचा, संपाच्या दिवसांत उधारी कोणी दिली, दागिना कधी मोडला, हे तिलाच ठाऊक असतं. बोलणं अहिराणीत किंवा लेवा बोलीत असेल तर तसंच राहू द्या, प्रमाण मराठीत बोलायचा आग्रह करू नका. अर्ध्या तासावर थकवू नका. फाइलवर नाव, गाव, मिल किंवा शेड, खातं आणि नोकरीची वर्षं लगेच लिहा, आणि एक प्रत घराबाहेर कोणाकडे तरी ठेवा.